आभा कार्ड काढून झालं, आता महिन्याचा खर्च कोण करणार?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आभा कार्डाच्या, म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडणाऱ्या सरकारी नंबरच्या, शिबिरांच्या बातम्या पेपरात नेहमी येतात, अमक्या वॉर्डात एवढी कार्डं काढली, तमक्या कॉलनीत रांगा लागल्या. चांगलंच आहे. पण मी इंदुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये बरीच वर्षं काम केलंय, आणि रिटायर झाल्यावर आता ओळखीच्या छोट्या नर्सिंग होमना फायली आणि कॉम्प्युटरची नोंद नीट लावून द्यायला मदत करते, त्यामुळे मला हे सांगावंसं वाटतं की कार्ड काढणं हा या सगळ्या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड भाग पुढे आहे. पेशंटची माहिती एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात रोज, न चुकता, पुढची वीस वर्षं पोचत राहायला हवी, तर तिचा महिन्याचा खर्च कोण करणार आणि ती जबाबदारी कोणाची? यावर फारसं कोणी बोलताना दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, पण शक्य असेल तर कापू नका.

आधी एक गोंधळ दूर करते, कारण आमच्या राजेंद्र नगरात सुद्धा रोज कोणी ना कोणी विचारतं. आयुष्मान कार्ड वेगळं आणि आभा वेगळं. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि आता सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांनाच ते मिळतं, उत्पन्न कितीही असो. आभा म्हणजे फक्त १४ आकडी नंबर. त्यावर एक रुपयाचा उपचार मिळत नाही. तो नंबर एवढ्यासाठी आहे की तुमचे वेगवेगळ्या दवाखान्यातले कागद एका माणसाचे आहेत हे ओळखता यावं आणि तुम्ही परवानगी दिली की नव्या डॉक्टरला जुने कागद बघता यावेत.

आता हे चालतं कसं ते बघा, कारण खरी अडचण तिथेच आहे. ही योजना, आयुष्मान भारत डिजिटल मिशन, २०२० साली काही केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर लागू झाली. लोकांना वाटतं आपले सगळे रिपोर्ट दिल्लीत कुठल्यातरी मोठ्या कॉम्प्युटरमध्ये जमा होतात. तसं नाहीये. कागद ज्या हॉस्पिटलात किंवा लॅबमध्ये तयार झाला तिथेच राहतो. मधल्या यंत्रणेला एवढंच माहीत असतं की या नंबरच्या माणसाचा कागद अमक्या ठिकाणी आहे, मग डॉक्टर मागणी करतो, पेशंटच्या मोबाईलवर विचारणा येते, त्याने हो म्हटलं की त्या जागेवरून कागद कुलूपबंद होऊन येतो, ठरलेल्या मुदतीपुरता. विचार चांगला आहे, मला मनापासून पटतो, सगळ्या देशाची आजारपणं एका जागी गोळा करून ठेवणं धोक्याचंच झालं असतं.

पण याचा दुसरा अर्थ असा की तुमचा कागद तितकीच वर्षं टिकणार जितकी वर्षं तो बनवणाऱ्याचा कॉम्प्युटर चालू राहणार. आणि इंदुरातली परिस्थिती काय आहे? एम. वाय. सारखं मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, मोठी खासगी हॉस्पिटलं आहेत, त्यांच्याकडे माणसं आहेत, त्यांचं एक सोडून देऊ. पण दहा-पंधरा बेडची नर्सिंग होम, एका डॉक्टरने उभी केलेली, खाली क्लिनिक आणि वर घर, अशी किती आहेत बघा. डॉक्टर सत्तरीला आले, मुलं अमेरिकेत किंवा पुण्याला, नर्सिंग होम बंद. अशा बंद होणाऱ्या ठिकाणच्या फायली रद्दीत जाताना मी स्वतः बघितल्यात, बाळंतपणाच्या, ऑपरेशनच्या, सगळ्या. कायद्यानेही फारसं अडवलेलं नाही, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायला सांगितलंय, बस. आणि जिथे कॉम्प्युटर आहे तिथे सॉफ्टवेअर कोणा छोट्या कंपनीचं असतं, तिची दर वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीची फी, वाढत जाते, डॉक्टर कंटाळून दुसरं सॉफ्टवेअर घेतात आणि जुना डेटा काढून द्यायला पहिली कंपनी टाळाटाळ करते. मी ज्या एका नर्सिंग होमला मदत करते तिथे हेच झालं, अनेक वर्षांच्या नोंदी आहेत पण उघडत नाहीत. आता त्या पेशंटांचे आभा नंबर असून उपयोग काय, नंबर बोट दाखवणार आणि तिथे काहीच नसणार.

रेकॉर्ड रूममधलं काम बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून थोडं सांगते. रात्री फोन यायचा, तुमच्याकडे मागे भरती असलेला पेशंट आमच्याकडे आलाय, बेशुद्ध आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू होती का, किडनीचा रिपोर्ट काय होता. मग ड्यूटीवरचा मुलगा किल्ली शोधणार, रॅकमधून फाइल काढणार आणि फोनवर वाचून दाखवणार. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या टेस्टचा आकडा, एक पॉइंट आठ की आठ पॉइंट एक, ऐकणाऱ्याने काय लिहून घेतलं देव जाणे. शेजारच्या काकूंच्या बडवानीहून आलेल्या भाच्याच्या बाबतीत असंच झालं, सगळे कागद गावाला राहिलेले, इथे सगळ्या टेस्ट पहिल्यापासून केल्या, दीड दिवस त्यात गेला. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन, सगळा माळवा-निमाड इंदुरात उपचाराला येतो. त्या पट्ट्यातल्या आदिवासी मुलांना सिकल सेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, त्रास आहे, २०२३ च्या जुलैत त्यासाठीचं राष्ट्रीय मिशन आपल्याच राज्यात शहडोलला सुरू झालं. सिकल सेलच्या पोराला दुखणं उठतं तेव्हा याला आधी किती वेळा रक्त दिलंय, हिमोग्लोबिन नेहमी किती असतं, कुठलं औषध चालू आहे हे कळायला पाहिजे, नेहमीच सात असणाऱ्या पोराचं सात आणि दहा असणाऱ्याचं सात, यात फार फरक आहे. हे गावातल्या कागदावर असतं आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत भिजून गेलेला असतो.

नावांचं एक प्रकरण आहे ते कोणाला महत्त्वाचं वाटत नाही पण आमचा निम्मा वेळ त्यात जायचा. आपल्या मराठी लोकांचंच घ्या. लग्नाआधीचं नाव वेगळं, नंतरचं वेगळं, आधारवर मधलं नाव नवऱ्याचं, बँकेत वडिलांचं, इंदूरच्या फॉर्मवर मधल्या नावाला जागाच नाही. कुलकर्णी इंग्रजीत तीन तऱ्हेने लिहितात, दीक्षित चार तऱ्हेने. जन्मतारीख माहीत नसली की १ जानेवारी. एकाच बाईच्या आमच्याकडे तीन फायली आणि एकदा तर दोन वेगळ्या सुमनबाईंचे कागद एका फाइलीत, रक्तगट वेगळे. नशिबाने सिस्टरच्या लक्षात आलं. आभा नंबरने हे बरंच सुटेल, पण आपोआप नाही सुटणार, कारण काउंटरवरची मुलगी घाईत जुना नंबर न शोधता नवीन बनवते, मग कोणीतरी बसून दोन नोंदी एक कराव्या लागतात आणि ते करणारं माणूस पगारी लागतं. कायमचं.

लॅबचंही तसंच. एक लॅब लिहिते एफबीएस, दुसरी लिहिते शुगर फास्टिंग, तिसरी लिहिते ग्लुकोज आणि कंसात एफ. माणसाला कळतं, कॉम्प्युटरला कळत नाही. त्यासाठी जगभर कोड ठरलेत, आपल्याकडे सरकारने २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डचे नियम काढले, २०१६ मध्ये सुधारले, पुण्यात सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेत त्यासाठी राष्ट्रीय केंद्र आहे, आजारांच्या नावांचा मोठा कोश स्नोमेड भारतात कोणालाही फुकट वापरता येतो. म्हणजे साधनं आहेत. पण छोट्या लॅबमध्ये कोण बसून आपल्या अडीचशे टेस्टना कोड लावणार? त्यामुळे होतं काय, रिपोर्टचा फोटो काढून पीडीएफ चढवून देतात. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण मग डॉक्टरला मागच्या पाच वर्षांची शुगर एका ओळीत बघायला मिळत नाही, पाच पीडीएफ उघडत बसावं लागतं आणि ओपीडीत बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना तो ते करणार नाही, त्याला दोष पण देता येत नाही.

आता पैशाकडे येते, कारण माझ्या मते सगळं इथे अडतंय.

सरकारने २०२३ पासून प्रोत्साहन योजना ठेवली, ठरावीक संख्येच्या वर जेवढे रेकॉर्ड जोडले जातील तेवढे दर रेकॉर्डमागे हॉस्पिटलला पैसे मिळतात. सुरुवात करून द्यायला ठीक आहे. पण अनुदानावर सुरू झालेलं काम अनुदान संपलं की काय होतं हे दुसऱ्या देशांनी आधीच बघितलंय आणि आपण ते वाचायला हवं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा जिल्ह्यात एका आरोग्य संस्थेच्या १ कोटी डॉलरच्या मदतीवर हॉस्पिटलांनी मिळून माहिती देवाणघेवाण सुरू केली, देशभर तिचं कौतुक झालं आणि २००६ च्या शेवटी ती बंद पडली. तंत्राच्या आणि कायद्याच्या अडचणी होत्याच, पण मदत संपल्यावर खिशातून पैसे घालायला हॉस्पिटलं तयार नव्हती. नंतर २००९ च्या कायद्याने तिथल्या सरकारने राज्याराज्यांना अशा यंत्रणांसाठी पन्नास कोटी डॉलरच्या वर दिले, त्यातल्याही कितीतरी पैसे संपल्यावर बंद झाल्या किंवा दुसऱ्यात मिसळल्या. टिकली कोण? इंडियाना राज्यातली टिकली. त्यांनी आधी एकच काम उचललं, हॉस्पिटलच्या लॅबचा रिपोर्ट डॉक्टरच्या क्लिनिकपर्यंत पोचवणं, जे हॉस्पिटलं आधी छापून, फॅक्स करून, पोस्टाने पाठवून करतच होती आणि त्यावर खर्चही करत होती. त्याहून स्वस्तात हे काम झालं म्हणून हॉस्पिटलं दर महिन्याला पैसे द्यायला तयार झाली, आणि त्या पैशावर बाकीचं उभं राहिलं. डेन्मार्कने १९९४ मध्ये मेडकॉम ही अशीच देवाणघेवाणीची यंत्रणा सुरू केली तेव्हाही सगळा पेशंट कॉम्प्युटरमध्ये घालायचा हट्ट धरला नाही, रोज सगळ्यात जास्त फिरणारे कागद घेतले, औषधाची चिठ्ठी, लॅब रिपोर्ट, डिस्चार्ज, रेफरल, आणि तेवढेच एकसारखे केले. उलट इंग्लंडने २००२ मध्ये वरून एकच मोठी योजना लादली, अब्जावधी पौंड खर्चले आणि २०११ मध्ये ती मोडीत काढली.

आपल्या शहराला हे समजणं अवघड नाही. नर्मदा इंदुरात १९७८ मध्ये आली, सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, डोंगर चढवून. पाईपलाईन एकदा टाकून झाली, उद्घाटन झालं, पण पंपाचं वीजबिल दर महिन्याला येतं आणि ते एवढं येतं की महापालिकेला २०२३ मध्ये जलूदला सोलर प्लांट उभारायला ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून लोकांकडून पैसे उभे करावे लागले. म्हणजे आपल्या पालिकेला माहितीये की चालवण्याचा खर्च हा वेगळा विषय आहे आणि त्याची वेगळी सोय करावी लागते. मग आरोग्याच्या माहितीच्या बाबतीत ही सोय कोण करतंय?

फायदा कोणाचा आणि खर्च कोणाचा हे मोकळेपणाने बोलायला हवं. टेस्ट पुन्हा करावी लागली नाही तर पेशंटचे पैसे वाचतात, विमा कंपनीचे वाचतात, आयुष्मानमध्ये सरकारचे वाचतात. लॅबचे आणि हॉस्पिटलचे वाचत नाहीत, उलट कमी होतात. आणि कोड लावायचं, नोंदी जुळवायचं, सर्वर सांभाळायचं काम मात्र लॅबने आणि हॉस्पिटलने करायचं. असं कसं चालेल? मी डॉक्टरांवर टीका करत नाहीये, ज्याला तोटा होतो त्याच्याच खर्चाने चालणारी गोष्ट वर्षभरात बंद पडते एवढंच म्हणतेय.

यावर मला सुचतं ते असं. डिस्चार्जच्या दिवशी कुठल्याही हॉस्पिटलच्या टीपीए काउंटरवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघतात तिथे, जाऊन बघा. डिस्चार्ज समरी, सगळे रिपोर्ट, बिल, सगळं स्कॅन होऊन दोन तासांत विमा कंपनीकडे जातं. २०२४ पासून विमा नियामकाचा नियमच आहे की कॅशलेसची विनंती आली की तासाभरात उत्तर द्यायचं आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची. आयुष्मानमध्ये सुद्धा कागद चढवल्याशिवाय क्लेम पास होत नाही. म्हणजे जे हॉस्पिटल म्हणतं आम्हाला पेशंटचं रेकॉर्ड जोडायला वेळ नाही, तेच हॉस्पिटल तेच कागद त्याच दिवशी पाठवत असतं, कारण तिथे पैसे अडकलेले असतात. मग तीच डिस्चार्ज समरी आणि तेच लॅब रिपोर्ट, पेशंटची परवानगी असेल तर, त्याच बटणाने त्याच्या आभाला का जोडले जाऊ नयेत? वेगळं काम नाही, वेगळा माणूस नाही. आणि जिचे पैसे पुन्हा टेस्ट न झाल्याने वाचतात त्या विमा कंपनीने आणि आयुष्मान योजनेने दर क्लेममागे छोटी ठरलेली रक्कम या कामासाठी द्यावी, प्रोत्साहन म्हणून नको, दराचा भाग म्हणून, म्हणजे सरकार बदललं, योजनेचं नाव बदललं तरी थांबणार नाही.

छोट्या नर्सिंग होम आणि लॅबसाठी मात्र एकेकट्याने हे जमणार नाही, त्यांनी एकत्र यायला पाहिजे. शहरात आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेची शाखा आहे, नर्सिंग होमवाल्यांची संघटना आहे, त्यांनी मिळून एक सामायिक व्यवस्था करावी, बेडमागे महिन्याला ठरावीक वर्गणी, त्यातून नोंदी जुळवणारी आणि कोड लावणारी दोन-चार माणसं आणि एक फोन नंबर जिथे सिस्टर रात्री विचारू शकेल. सगळ्यात महत्त्वाचं, जो दवाखाना बंद होतोय त्याचं रेकॉर्ड या व्यवस्थेने ताब्यात घ्यायचं, म्हणजे आभाने दाखवलेल्या जागी कागद सापडेल. सॉफ्टवेअर घेताना करारात एक ओळ हवीच की काम सोडताना कंपनी सगळा डेटा ठरलेल्या मानकात काढून देईल, नाहीतर शेवटचे पैसे नाहीत. ही एक ओळ माझ्या ओळखीच्या एकाही डॉक्टरच्या करारात नव्हती.

खर्चात आणखी एक गोष्ट धरायला हवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्वरवर हल्ला झाला आणि देशातल्या सगळ्यात नामांकित हॉस्पिटलांपैकी एक कित्येक दिवस हाताने पर्चे लिहीत होतं. एम्सचं असं झालं तर जिथे सगळ्या सिस्टर एकच पासवर्ड वापरतात आणि बॅकअप पेनड्राइव्हमध्ये डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये असतो तिथे काय होईल? बॅकअप, पासवर्ड आणि कॉम्प्युटर बंद पडला तर कागदावर काम कसं करायचं याची तयारी, हा दर महिन्याचा खर्च आहे, एकदा खरेदी करून संपत नाही.

आणि परवानगी. कागदावर ती फार सुंदर आहे, पण आमच्याकडच्या बऱ्याच घरांत मोबाईल एकच, तोही मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात. सुनेचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, कोणाचा टीबी, कोणाच्या डिप्रेशनच्या गोळ्या, हे सगळं त्या एका फोनवर दिसणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्ततेचा हक्क दिलाय, एचआयव्हीचा कायदाही त्याच वर्षीचा, त्यातही आहे, २०२३ मध्ये डिजिटल डेटाचा कायदा आला, पण घरातल्या घरात बाईचं रेकॉर्ड कसं जपायचं याचा रस्ता शिबिरात कोणी सांगत नाही. कोविडची लस घेताना आधार दिलं तेव्हा कित्येकांचे आरोग्य नंबर तयार झाले आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता, अशाने लोकांचा विश्वास जातो, आणि लोकांनी परवानगी द्यायचंच बंद केलं तर बाकी सगळी यंत्रणा रिकामी चालेल. म्हणून प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात एक माणूस असा बसवा जो म्हाताऱ्या माणसाला आणि एकट्या बाईला शांतपणे समजावेल की काय जोडायचं, काय नाही जोडायचं, आणि दिलेली परवानगी परत कशी घ्यायची.

हे सगळं होईपर्यंत वाचकांनी एवढं जरूर करावं. डिस्चार्ज घेताना समरी आणि सगळे रिपोर्ट हातात घ्या, नंतर बघू म्हणू नका. जुनं रेकॉर्ड हवं असेल तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या, मी वर सांगितलेल्या २००२ च्याच नियमात मागितल्यापासून ७२ तासांत देण्याची तरतूद आहे, हे बऱ्याच हॉस्पिटलांच्या काउंटरवर सुद्धा माहीत नसतं.

आणि आपल्याला विनंती, पुढच्या वेळी आपला वार्ताहर सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या, ऑफिसात गेला की कार्डं किती काढली हे विचारू नये. इंदुरात मागच्या महिन्यात किती डिस्चार्ज समरी आभाला जोडल्या गेल्या, त्यातल्या किती दुसऱ्या डॉक्टरने प्रत्यक्ष उघडून बघितल्या, आणि प्रोत्साहनाचे पैसे थांबले तर हे काम बजेटच्या कुठल्या हेडमधून चालणार, हे तीन प्रश्न विचारावे आणि जे उत्तर मिळेल ते छापावं.

आपली,
रेकॉर्ड रूममधली एक निवृत्त कर्मचारी,
राजेंद्र नगर, इंदूर